पक्ष्यांची शास्त्रीय नावे छापताना

महोदय,

थंडी सुरू झाली की गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावरचे, चोडणच्या खारफुटीतले आणि मोलेच्या रानातले पक्षी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दिसू लागतात. हल्ली फोटोखाली मराठी नावाबरोबर शास्त्रीय नावही असते, ही चांगली गोष्ट. पण त्या दोन शब्दांत हमखास चुका राहतात आणि त्यांचे अर्थ सांगताना पुष्कळदा कल्पनेवरच भागवले जाते. शाळांचे प्रकल्प आणि माहितीफलक हाच मजकूर उचलतात, म्हणून हे लांबलेले पत्र. छपाईच्या सोयीसाठी आम्हीही इथे नावे देवनागरीत लिहिली आहेत. जमेल तिथे मात्र ती रोमन लिपीत, तिरप्या टायपात छापावीत. रोमनमध्ये पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे आणि दुसरा शब्द, मग तो कुणा माणसावरून वा गावावरून आलेला का असेना, सगळा लहान लिपीत लिहितात. देवनागरीत ही खूणच पुसली जाते.

पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. (बातम्यांत 'तळ्यावर पन्नास प्रजाती आढळल्या' असे लिहितात तेव्हा बहुधा पन्नास जाती म्हणायचे असते.) आपल्या राज्यपक्ष्याचेच उदाहरण घ्या. पिवळ्याधमक अंगाचा, काळ्या डोक्याचा, गळ्यावर लालभडक डाग असलेला हा बिनतुऱ्याचा बुलबुल. त्याचे नाव काही ठिकाणी नुसते 'गुलारिस' असे छापलेले असते. लॅटिनमध्ये 'गुला' म्हणजे गळा, त्यावरून हा शब्द. पण किनाऱ्यावरच्या खडकांत मासे टिपणारा राखाडी समुद्री बगळाही 'इग्रेटा गुलारिस'च आहे, आणि त्याचा गळा पांढरा असतो. म्हणजे जातीचा शब्द एकटा लिहिला तर पक्षी ओळखता येत नाही, आणि त्यावरून रंगही ठरत नाही.

याच बुलबुलाची प्रजात कुठे 'पिक्नोनोटस' तर कुठे 'रुबिगुला' छापलेली दिसते. पहिले नाव ग्रीक, दाट पाठीचा अशा अर्थाचे. दुसरे लॅटिन, लाल गळ्याचा. बुलबुलांची मोठी प्रजात अलीकडे फोडली गेली आणि हा पक्षी 'रुबिगुला'त गेला, म्हणून आजच्या जागतिक याद्या 'रुबिगुला गुलारिस' लिहितात. जुन्या पुस्तकातले नाव चुकीचे नव्हे, ते त्या काळच्या वर्गीकरणाचे. मात्र एकाच लेखात एक पक्षी जुन्या यादीतून आणि दुसरा नव्या यादीतून घेऊ नये. कोणत्या वर्षाची यादी वापरली ते तळाला एका ओळीत द्यावे.

नावानंतर कधी कधी माणसाचे नाव आणि साल येते. इथला कंस अनेकजण शोभेचा समजून काढून टाकतात किंवा उगाच घालतात. 'गूल्ड, १८३६' हे कंसात असेल तर अर्थ असा की गूल्डने पहिले वर्णन केले तेव्हा पक्षी वेगळ्या प्रजातीत ठेवला होता. कंस नसेल तर तो मूळच्याच प्रजातीत आहे. माणसाचे नाव तिरपे छापायचे नसते.

अशाच एका कंसामागे गोव्याची एक गोष्ट दडलेली आहे. मानेमागे आणि पाठीच्या वरच्या भागावर पांढरा पट्टा, पंख सोनेरी, नराच्या डोक्यावर लाल तुरा तर मादीच्या डोक्यावर पिवळा, असा एक सुतार पक्षी आहे: 'क्रायसोकोलॅप्टिस फेस्टिवस'. बुफाँ या फ्रेंच निसर्गज्ञाने १७८० मध्ये त्याचे वर्णन केले ते गोव्यातून मिळालेल्या नमुन्यावरून, आणि त्याच्या ग्रंथमालेसाठी मार्तिनेने कोरलेले रंगीत चित्रही छापले गेले. पण बुफाँला स्वीडिश निसर्गज्ञ लिनिअसची दोन शब्दांची पद्धत मान्य नव्हती, त्यामुळे त्याने दिले ते फक्त फ्रेंच नाव. १७८३ मध्ये डच निसर्गज्ञ पीटर बोडार्टने त्या चित्रांची सूची केली आणि चित्रातल्या पक्ष्याला 'पिकस फेस्टिवस' म्हटले. फेस्टिवस म्हणजे सणासुदीचा, उल्हासी. वर्णन एकाचे, चित्र दुसऱ्याचे, आणि नियमाप्रमाणे नावाचा मान तिसऱ्याला. पुढे प्रजात बदलून 'क्रायसोकोलॅप्टिस', म्हणजे सोनेरी टोच्या, झाली आणि बोडार्ट कंसात गेला. ज्या पक्ष्याची शास्त्राला पहिली ओळख गोव्यातून झाली, त्याच्याविषयी आपल्याकडे इतके कमी छापून यावे, हे नवलच.

आता चुकीच्या पत्त्यांबद्दल. घराच्या कुंपणावर दिसणारा लाल बुडाचा बुलबुल म्हणजे 'पिक्नोनोटस काफर'. काफर म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडचा. मुळात अरबी शब्द, पोर्तुगिजांनी तो 'काफ्रे' असा वापरला आणि गोव्यात 'खाप्री' हे रूप ओळखीचे आहे. ओढ्याकाठचा मोठ्या लाल चोचीचा खंड्या 'पेलार्गॉप्सिस कापेन्सिस', म्हणजे केप ऑफ गुड होपचा. हे दोन्ही पक्षी मूळचे आफ्रिकेतले नाहीत. लिनिअसने १७६६ मध्ये ब्रिसाँ या फ्रेंच पक्षीतज्ज्ञाच्या वर्णनांवर विसंबून ही नावे दिली, आणि ब्रिसाँकडेच नमुन्यांचे ठिकाण चुकीचे नोंदले गेले होते. चूक इतकी उघड असूनही नाव बदलत नाही, कारण प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव गैरलागू आहे एवढ्या कारणाने ते रद्द होत नाही. २०२४ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने 'काफ्रा' धर्तीची वनस्पतींची नावे, हा शब्द आता अपमानास्पद मानतात म्हणून, 'आफ्रा' करण्याचा निर्णय घेतला; त्याचा आधार देऊन बुलबुलाचे नाव बदलल्याचे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. प्राण्यांची संहिता वेगळी.

उलट नेहमीचा खंड्या, 'हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस', याच्या नावातले स्मिर्ना म्हणजे आजचे तुर्कस्तानातले इझमीर, आणि तो तिथे खरोखर आढळतो. परदेशी गाव दिसले की चूकच असणार, असेही नाही.

शेवटच्या अक्षरांची दुरुस्ती हा आणखी एक उद्योग. माळटिटवी 'वॅनेलस मलाबारिकस', तर मलबारी चंडोल 'गॅलेरिडा मलाबारिका'. यातले एक चुकले असे समजून दोन्ही सारखे केलेले आम्ही छापील पाहिले आहे. दोन्ही बरोबर आहेत: जातीचा शब्द विशेषण असेल तर तो प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालतो, जसे आपण काळा बैल आणि काळी गाय म्हणतो. रानातले छोटे पिंगळे नपुंसकलिंगी प्रजातीतले, म्हणून 'ग्लॉसिडियम रेडिएटम'. 'गुलारिस'सारखी इस-कारान्त विशेषणे पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात सारखीच राहतात, म्हणून प्रजात बदलूनही राज्यपक्ष्याचे दुसरे नाव तसेच टिकले. कोकिळाच्या बाबतीत 'स्कोलोपेसिया'चे 'स्कोलोपेसियस' झाले ते याच हिशेबाने.

अर्थ सांगायचेच तर जे पक्षी पाहताना कामी येतात ते सांगावेत. उघड्या चोचीचा करकोचा 'अनास्टोमस ऑसिटान्स', यातले ऑसिटान्स म्हणजे जांभई देणारा. चोचीतली ती फट पिल्लांत नसते, म्हणून फट नसलेला लहान पक्षी दिसला तर गोंधळू नये. बोंडल्याच्या झाडीत वाळक्या फांदीसारखा बसणारा 'बॅट्राकोस्टोमस मोनिलिगर', म्हणजे बेडूकतोंड्या, गळ्यात माळ घातलेला. गोव्यातल्या धनेशांच्या 'ब्यूसेरॉस', 'अँथ्राकोसेरॉस' आणि 'ऑसिसेरॉस' या तिन्ही प्रजातींत शेवटी ग्रीक 'केरास', म्हणजे शिंग, आहे. म्हणूनच सरसकट 'लॅटिन नाव' म्हणणेही बरोबर नाही. लोकरी मानेचा करकोचा 'सिकोनिया एपिस्कोपस', म्हणजे बिशप. गोव्यात हे वेगळे समजावून सांगायला नको. नवरंगाची प्रजात 'पिट्टा' मात्र सरळ तेलुगूतून आली, तिथे हा पाखराला म्हणतात तो साधा शब्द. साळुंकीला 'ट्रिस्टिस', म्हणजे दुःखी, का म्हटले असेल ते तिचा कलकलाट ऐकणाऱ्याला कळणे कठीण.

माणसांच्या नावांवरून आलेल्या शब्दांत स्पेलिंग सर्वांत जास्त बिघडते. कर्नल साइक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली; त्यातला वंचक 'आर्डिओला ग्रेयी', ग्रे याच्या नावावरून, रोमनमध्ये शेवटी दोन आय. घाटावरचा मोठा करडा सातभाई 'माल्कोमी', मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्यावरून, एकच आय. दोन्ही साइक्सचीच, तरी एकसारखी करायची नाहीत. मूळ वर्णनात जे आहे तेच राहते. त्याच सूचीतल्या पांढऱ्या धोब्याच्या उपजातीचे 'दुखुनेन्सिस' हे नाव दख्खनवरूनच आले आहे. ते सुधारून 'दख्खनेन्सिस' करता येत नाही. चोडणच्या अभयारण्याला ज्यांचे नाव आहे त्या सालिम अलींच्या नावाने २०१६ मध्ये हिमालयातल्या एका कस्तुराला 'झूथेरा सालिमालियी' म्हटले गेले. तिथले दोन आय वेगळ्या कारणाने आहेत: एक अलींचा, दुसरा षष्ठीचा. मुद्रितशोधकाने किंवा संगणकाने त्यातला एक कापला की नाव चुकलेच. म्हणून अशी नावे ऐकून किंवा आठवून टाइप करू नयेत. प्रमाण यादीतून जशीच्या तशी उचलावीत आणि पान लावून झाल्यावर अक्षर न् अक्षर पुन्हा ताडून पाहावीत.

— काही पक्षीनिरीक्षक, फोंडा