मोडका खिळा

गिरगाव, मुंबई
रविवार, रात्री

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तू साडेचारला निघालीस आणि जिना उतरेपर्यंत तुझ्या आईने मला विचारलं, "ती काय सांगत होती ते तुम्हाला तरी कळलं का?" मी मान डोलावली. तेव्हा अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं संध्याकाळी चौपाटीवर फेरी मारताना उलगडलं. फोन करणार होतो, पण फोनवर तू "हं, हं, बाबा" करतेस आणि माझं मुख्य वाक्य राहूनच जातं. म्हणून कागद घेतला.

आधी तुझं काम मला जसं समजलं तसं लिहितो. चुकलो असेन तर समासात खूण कर. जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांची चित्रं मशीनला दाखवायची आणि मशीनने ती वाचून मजकूर उतरवून द्यायचा. काही पानांवर ते शिकतं, काही पानांवर त्याची परीक्षा. तू सगळी पानं पत्ते पिसावेत तशी पिसलीस, पाचातली चार शिकायला दिलीस, एक परीक्षेला ठेवलंस. निकाल असा आला की तुझे गाइडही खूश. मग तुलाच शंका आली. तू वाटणी पानांची न करता पुस्तकांची केलीस. जे पुस्तक शिकताना दाखवलं, त्याचं एकही पान परीक्षेत नाही. आणि बरोबर वाचल्याचा आकडा धाडकन खाली आला. लिहून तयार असलेला पेपर थांबला, वार्षिक सेमिनार तोंडावर, आणि आज जेवताना तू म्हणालीस, "तीन वर्षं मी स्वतःलाच फसवत होते."

अगं, तू कुणाला फसवलं नाहीस. तुला खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांनी, फसवलं. आणि ते कसं, हे पवईत तुझ्या आयआयटीत कुणी सांगू शकणार नाही, मी सांगू शकतो.

मी सतराव्या वर्षी, १९७८ साली, ठाकुरद्वारजवळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. समोर केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, तिच्यात शेकडो खण, कारण मराठीत नुसती बाराखडी ठेवून भागत नाही, क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, ह्म, सगळ्या जोडाक्षरांना जागा लागते. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी पट्टी, उजव्या हाताने एकेक खिळा उचलायचा, अक्षर उलटं, ओळ उलटी. पानं छापून झाली की काम संपत नसे. खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. शिसं महाग, मालक काटकसरी. तेव्हा पहिल्या फर्म्यात, म्हणजे एकदम छापायच्या पानांच्या पहिल्या गटात, वापरलेला खिळा तिसऱ्या फर्म्यात परत येणार, पाचव्यात परत येणार.

आता त्यातला एखादा 'के' घे. मात्रेचा वरचा भाग अक्षराबाहेर लोंबता असला की आधी तोच मोडायचा. मोडला तरी खिळा टाकून देत नसत, डोळ्याला चालतंय तोवर चालवत. मग त्या पुस्तकात अमुक एक लंगडा 'के' दहा ठिकाणी भेटतो, दहाही ठिकाणी तोच, त्याच जागी तुटलेला. काही 'ग' असे की त्यांचा काना अर्धवट झिजलेला. काही 'म' असे की डोक्यावरची रेघ शेजारच्याला भिडतच नाही. तू एकदा म्हणाली होतीस की पूर्वीच्या पद्धतीत आधी शिरोरेषा पुसायची आणि मग अक्षरं सुटी करायची. तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आमच्याकडे ती रेघ आपोआपच पुसली जायची.

तुझ्या मशीनने पान १२ वर तो लंगडा 'के' पाहिला आणि पान ९० वर परीक्षेत तोच समोर आला. ते ओळखणारच! त्याने 'के' हे अक्षर ओळखलं नाही, तो खिळा ओळखला. पोलीस हवालदार वस्तीतल्या पाकीटमाराला चालीवरून ओळखतो, तसं. त्याच हवालदाराला दुसऱ्या वस्तीत नेलं की तो गांगरतो. दुसरं पुस्तक म्हणजे दुसरी वस्ती.

इथवर तुला बरं वाटलं असेल. आता पुढचं ऐक, ते बरं वाटणार नाही.

पुस्तकवार वाटणीही पुरेशी नाही. आमच्या छापखान्यात पाइका आकाराच्या टाइपाच्या दोनच केसेस होत्या. त्यांच्यातून कीर्तनाची पुस्तकं निघाली, एका पतपेढीचे अहवाल निघाले, दोन नाटकं निघाली आणि लग्नपत्रिका किती निघाल्या त्याला गणती नाही. नाव वेगळं, लेखक वेगळा, मुखपृष्ठ वेगळं, आत तोच लंगडा 'के'. म्हणजे तुझी दोन वेगळी पुस्तकं एकाच छापखान्यातली असली तर चोर परत ओळखीचाच. तुला वाटणी छापखान्यांची करावी लागेल. आणि हे शोधणं अवघड नाही. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं होतं. कुठे मुखपृष्ठाच्या पाठीमागे, कुठे अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात, पण असतं. मला वाटतं तुम्ही पानांची चित्रं घेताना तेच पान निरुपयोगी म्हणून वगळता. वगळू नका.

सगळे छापखाने सारखेही धरू नकोस. ज्यांच्याकडे स्वतःची फाउंड्री, त्यांचं काम निराळं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पोथी हातात घेऊन बघ, अक्षर कसं कोरून ठेवल्यासारखं दिसतं. टाइप झिजला की वितळवून नवा ओतायची सोय घरचीच. आमच्यासारखे गल्लीतले छापखाने एकदा घेतलेल्या टाइपावर वर्षानुवर्षं काढायचे. एखादं अक्षर संपलं तर दुसऱ्या घाटाचं घालून वेळ मारून न्यायचे. मशीनला निर्णयसागरवर शिकवून गल्लीतल्या छापखान्यावर परीक्षा घेतलीस तर काय होईल याची मला उत्सुकता आहे. आकडा आणखी खाली जाईल, हे नक्की. जाऊ दे.

जाऊ दे असं सहज म्हणतोय असं समजू नकोस. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण बापाला आपली फजिती सांगायला वेळ लागतो. छापखान्यात लागून मला तीन वर्षं झाली होती. कोकणातल्या एका घराण्याचा कुलवृत्तान्त जुळवत होतो. हस्तलिखितात एका पिढीत भिकाजी आणि पुढच्या पिढीत नुसता भिकू. मला वाटलं, लिहिणाऱ्याने घाईत नाव अर्धवट सोडलं. मी शहाणपणाने दुसराही भिकाजी केला. प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलं, कारण चूक दिसत नव्हती, उलट नाव नीटनेटकं दिसत होतं. फर्मा छापून झाल्यावर घराण्यातले एक गृहस्थ आले आणि वंशावळीवर बोट ठेवून बसले. पुतण्याची मुलं काकाच्या नावावर गेली होती. सोळा पानांचा फर्मा पुन्हा छापला आणि माझ्या पगारातून तीन महिने पैसे कापले.

आमचे फोरमन ओरडले नाहीत. म्हणाले, "मक्षिकास्थाने मक्षिका." नकल करणाऱ्याला मूळ पानावर मेलेली माशी चिकटलेली दिसली, तर त्याने दुसरी माशी मारून आपल्या पानावर त्याच जागी चिकटवली, ती गोष्ट. लोक ती मूर्खपणाची म्हणून सांगतात. आमच्या धंद्यात ती पात्रता होती. समोर आहे ते उतरव. शुद्ध करायचं काम दुसऱ्या कुणाचं.

म्हणून मागे तू जेव्हा म्हणालीस की मशीनच्या मागे भाषेचं एक दुसरं मॉडेल जोडलंय आणि ते चुका सुधारून देतं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तेव्हा बोललो नाही. ते मॉडेल कशावर शिकलंय? आजच्या मराठीवर. आणि तुझी पुस्तकं १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांच्या आधीची. तिथे 'कांहीं' आहे, 'नाहीं' आहे, 'घरें' आहे. ते मॉडेल टिंबं झाडून 'काही', 'नाही' करणार, वर तोंड करून सांगणार की सुधारलं. तो मीच आहे, भिकूचा भिकाजी करणारा. आणि ही चूक सापडायला सगळ्यात कठीण, कारण वाचणाऱ्याला ती खटकतच नाही.

चुका मोजायची तुझी रीत मात्र मला एका बैठकीत समजली होती. किती अक्षरं घालायची, किती काढायची, किती बदलायची, ते मोजायचं. लेव्हेन्श्टेइन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये ती मांडली म्हणालीस. प्रूफाच्या समासात आम्ही वेगळं काय करत होतो? घाला, काढा, बदला. फक्त आम्ही खुणा मोजून पेपर लिहिला नाही!

पण मोजण्यातही खोच आहे, तीही तूच दाखवलीस. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना पगार, एवढा फरक त्या कोयरीसारख्या 'र'वर. माझ्या केसमध्ये त्याला एक खण होता, विषय संपला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, देवनागरीच्या मुख्य तक्त्याला १२८ घरं, आणि तरी हा एकच अर्धा 'र' दोन वाटांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त लावून. दुसरी, साध्या र ला हलन्त आणि मागे एक न दिसणारं चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. म्हणजे मशीनने बरोबर वाचलं तरी गुण कापले जातात. ते तू आधीच सारखं करून घेतेस हे मला माहीत आहे. मला एवढंच म्हणायचंय की एका जागी आकडा उगाच कमी दाखवत होता, तो तू दुरुस्त केलास तेव्हा तुला आनंद झाला. दुसऱ्या जागी तो उगाच जास्त दाखवत होता. दुरुस्ती तीच. रडू कशाला?

आता नोकरीचं. तुझ्याबरोबर एमटेक झालेली ती मुलगी बेंगळुरूला गेली, तिचा पगार आईने तुझ्या मावशीकडून ऐकला आणि मला तीनदा सांगितला. पहिली दोन वर्षं ३७,००० आणि मग ४२,००० ही फेलोशिप मुंबईत काय पुरते ते मला कळतं. खालच्या मजल्यावरचे काका भेटले की "अजून शिकतेच का?" विचारतात. त्यांना मी सांगितलं, शिकत नाही, मशीनला शिकवते. ते गप्प झाले. तुला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. आमचा छापखाना १९९६ ला बंद झाला तेव्हा मीही पस्तिसाव्या वर्षी डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, शिकायला बसलोच की, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोराच्या शेजारी. माउस हातात धरता येत नव्हता. काम बदलण्यात कमीपणा नाही. पण आकडा पडला म्हणून जाऊ नकोस. तो पडण्याआधी जायचं मनात होतं का, एवढं स्वतःला विचार.

तू ज्या पवईत बसतेस, तिथल्याच आयडीसी या डिझाइन विभागात अक्षररचनाकार र. कृ. जोशी शिकवत असत. पुढे जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत त्यांनी मंगल फॉन्ट केला, विंडोजवर आला तो. डीटीपीच्या दिवसांत पहिल्यांदा मंगलमध्ये टाईप केलं तेव्हा मी नुसता 'ल' आणि 'श' बघत बसलो होतो. काम राहिलं बाजूला.

माझं मत विचारलंस म्हणून: पेपर फेकू नकोस, उलटा कर. आधी चढा आकडा, मग पुस्तकवार वाटणीचा, मग छापखानावार वाटणीचा, तिन्ही शेजारी शेजारी छाप, आणि का पडला ते लिही. खिळ्यांचं. तुझ्या गाइडना छापखाना म्हणजे काय ते बघायचं असेल तर घरी आण. माळ्यावर माझी स्टिक आहे, एक चिमटा आहे, आणि डब्यात मूठभर खिळे, त्यात मोडके पुष्कळ. आईला दोन दिवस आधी कळव, नाहीतर ती ऐन वेळी साटोरीच्या मागे लागेल आणि मलाच गूळ आणायला पाठवेल.

आणि हो, त्या कुलवृत्तान्ताचा रद्द झालेला फर्मा मी जपून ठेवलाय. पुढच्या रविवारी देतो. त्याचं चित्र घेऊन तुझ्या मशीनला दाखव. भाषेचं मॉडेल बंद ठेवून. हस्तलिखितात काय होतं ते मशीनला माहीत नाही, त्याने ते ठरवायचंही नाही. दोन्ही जागी भिकाजीच वाचलं पाहिजे. वाचतं का ते कळव.

तुझा,
बाबा