भिंतीवरचं भंगार

लिस्बन,
रविवार

प्रिय बाळ्या,

पोर्तुगालहून पत्र, आणि विषय भंगार! पण हे गॅरेजवाल्यालाच सांगायला हवं.

इथे बेलेम भागात एका भिंतीवर भलामोठा रॅकून आहे, अमेरिकेतलं ते पट्टेरी शेपटीचं जनावर. लांबून अगदी जिवंत वाटतो. रस्ता ओलांडून जवळ गेलो, तर जनावर गायब! समोर नुसते बंपर, टायर, वायरी, चेपलेलं प्लास्टिक. मागे सरकलो, की पुन्हा रॅकून. लोक माझ्याकडे बघायला लागले, इतका वेळ मी मागेपुढे करत होतो.

करणारा आर्तुर बोर्दालो, जन्म १९८७चा. आजोबाही चित्रकार, म्हणून हा स्वतःला 'बोर्दालो दुसरा' म्हणवतो. उकिरड्यातून, बंद कारखान्यांतून माल उचलायचा, भिंतीवर ठोकायचा आणि वरून स्प्रे मारायचा. ज्या कचऱ्यापायी जनावरं मरतात, त्यातूनच जनावर उभं करायचं.

पोर्तोपलीकडे गाया गावात त्याचा ससा आहे, इमारतीच्या कोपऱ्यावर. अर्धा रंगवलेला, अर्धा तसाच सोडलेला. मला तो उघडा अर्धा जास्त आवडला. रंग चढला की कचरा देखणा होतो, आपण फोटो काढतो आणि निघतो. मीही काढलेच म्हणा.

लिस्बनमध्येच त्याचा इबेरियन लिंक्सही आहे, स्पेन-पोर्तुगालमधलं रानमांजर. २००१ मध्ये या जातीचे प्रौढ लिंक्स अवघे ६२ उरले होते, २०२२ पर्यंत ६४८ झाले. ते काही भिंतीवरच्या चित्रामुळे नव्हे. पिंजऱ्यात पैदास करून पिल्लं रानात सोडली, रान राखलं आणि त्यांचं मुख्य खाणं असलेले ससे वाढवले, म्हणून. त्यामुळे 'कला जग वाचवते' वगैरे कुणी म्हणालं की मला हसू येतं. पण टाकलेला बंपर पुन्हा आपल्या डोळ्यांसमोर आणून ठोकणं, हेही काही थोडं नाही.

तूच म्हणाला होतास ना, भंगारवाला पत्रा उचलतो, बंपरला हात लावत नाही? बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा, वितळवता येतो, पण वरच्या रंगामुळे नव्या मालाची प्रत बिघडते. मग तो पडून राहतो, तुझ्या शेडमागे किंवा इथल्या भिंतीवर.

शेडमागच्या ढिगाचे फोटो पाठव, पावसाळ्याआधी. आणि वहिनींना सांग, मी जनावर बनवायला येत नाहीये, घाबरू नका.

तुझा,
सुध्या