मनोरुग्णांचे मृत्यू आणि न असलेला रकाना

महोदय,

मनोरुग्णाचा मृतदेह विहिरीत सापडला, की पंचनाम्यात एक ठरलेले वाक्य येते: ‘मयत हा मनोरुग्ण असून त्याने वेडाच्या भरात विहिरीत उडी मारली, कोणावरही संशय नाही.’ ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करताना हे वाक्य मी पुष्कळ वेळा वाचले आहे. उडी मारताना पाहणारा मात्र बहुधा कोणीच नसतो. मृत्यू बुडून झाला, एवढेच शवविच्छेदन सांगू शकते. पाय घसरला, झोपेच्या गोळ्यांमुळे तोल गेला, फिट आली की उडी मारली, हे फुप्फुसातल्या पाण्यावरून कळत नाही. एका प्रकरणात काठावर जोडीने काढून ठेवलेल्या चपला होत्या आणि शेजारी भरलेली कळशीही होती. खबरीत फक्त चपला आल्या.

उलटही घडते. घरात लग्नाची मुलगी असेल, तर तेच नातेवाईक ‘पाय घसरून’ असा जबाब देतात आणि पोलीसही (माणुसकीने म्हणा) तो लिहून घेतात.

अशा मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक अहवालात तो मृत्यू अपघाती तरी ठरतो किंवा आत्महत्या तरी. आत्महत्यांच्या तक्त्यात ‘कारण अज्ञात’ असा रकाना आहे, पण तोवर आत्महत्या हे गृहीत धरलेलेच असते. मनोविकार तर तिथे कारण म्हणूनच छापलेला असल्याने आजाराचा केसपेपर हाच हेतूचा पुरावा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘हेतू अनिश्चित’ मृत्यूंसाठी वाय १० ते वाय ३४ असे स्वतंत्र संकेतांक आहेत; आपल्या अहवालात तसा रकाना नाही.

असा रकाना दिल्यास सगळेच त्यात ढकलले जाईल, ही भीती अनाठायी नाही. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा निष्कर्ष काढण्यासाठी फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागे, त्यामुळे तो नसलेली प्रकरणे अनिश्चित राहत. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अधिक संभाव्य काय’ एवढीच कसोटी पुरेशी मानली. शिवाय तेथील अधिकृत आकडेवारीत १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे अनिश्चित हेतूचे मृत्यू आत्महत्यांबरोबरच मोजले जातात, त्यामुळे ते नजरेआड होत नाहीत.

आपल्याकडे निदान अकस्मात मृत्यूची फाईल बंद करण्यापूर्वी तपास अंमलदाराने बाह्यरुग्ण विभागातील शेवटच्या भेटीची नोंद मागवावी, घरातल्या उरलेल्या गोळ्या मोजून पंचनाम्यात लिहाव्यात आणि एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर ‘हेतू अनिश्चित’ असे लिहिण्याची त्याला मुभा असावी.

— एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सातारा