भरतीरेषेला तिचा दाखला जोडा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : किनाऱ्याची भरतीरेषा तारीख, भरतीची उंची, मोजणीची पद्धत आणि त्रुटी यांच्या नोंदीसह खुल्या डिजिटल स्वरूपात प्रसिद्ध करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

महाराष्ट्राचा किनारा किती किलोमीटर? पाठ्यपुस्तकात ७२० वाचलेले असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या जुन्या तक्त्यात ६५२.६ होते आणि २०२३-२४ च्या अहवालापासून ८७७.९७ झाले. समुद्र वाढलेला नाही, मोजपट्टी बारीक झाली. जुनी लांबी १:४५,००,००० या प्रमाणावरून काढलेली होती, नवी १:२,५०,००० च्या सागरी नकाशांवरून. त्यामुळे खाड्यांची जी वळणे आधी गिळली गेली होती ती मोजणीत आली. लांबीच्या आकड्यातल्या या फरकाने कुणाचे घर अडत नाही. भरतीरेषेच्या जागेत असाच फरक पडला, तर मात्र अडते. म्हणून हे पत्र.

१८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतली जमिनीकडची जवळजवळ सगळी अंतरे एकाच रेषेपासून मोजायची आहेत. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहतात तिथे, भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र; विरळ वस्तीत २०० मीटर; खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले जे कमी ते. आता १:२५,००० चा नकाशा घ्या. त्यावर ५० मीटर म्हणजे २ मिलिमीटर, आणि छापलेली अर्ध्या मिलिमीटरची रेषा स्वतःच साडेबारा मीटर जागा खाते. १:४,००० वर तीच रेषा २ मीटरची होते. आपल्या गाव नकाशांचे जुने प्रमाण १ इंचाला ३३० फूट, म्हणजे १:३,९६० आहे. तेव्हा स्थानिक नकाशे या प्रमाणावर असणे योग्यच. अडचण पुढे आहे. नागरिकाला हे नकाशे पीडीएफच्या चित्ररूपात मिळतात. त्यावरून आपला गट क्रमांक रेषेच्या आत की बाहेर हे ठरवायला त्याला चित्र ताणून जुळवावे लागते, आणि त्या जुळवणीतच पाच-दहा मीटर हातचे जातात.

सर्वात मोठा गोंधळ होतो तो पाण्याची कड आणि भरतीरेषा एकच मानल्याने. कायद्यातली भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर पोचते ती रेषा. उपग्रहाच्या चित्रात दिसते ती त्या क्षणाची पाण्याची कड. मुंबईत उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी सागरी नकाशाच्या शून्यावर सुमारे ४.४ मीटर आणि उधाणाच्या ओहोटीची ०.८ मीटर आहे. पुळणीचा उतार पन्नासास एक धरला, तर एवढ्या फरकात पाण्याची कड १८० मीटर मागेपुढे होते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. म्हणूनच मुंबईचे भरतीचे आकडे घेऊन मालवण-वेंगुर्ल्याची चित्रे दुरुस्त करणे चूक आहे. जवळच्या बंदराचे कोष्टक घ्यावे लागते, आणि खाडीत आत गेल्यावर भरती उशिरा पोचते, तिची उंचीही बदलते, हे धरून चालावे लागते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. सेंटिनेल-२ हा उपग्रह आपल्या किनाऱ्यावरून दर पाच दिवसांनी, पण नेहमी एकाच वेळेला, सकाळी अकराच्या आसपास जातो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला त्याला भरत आलेला समुद्रच दिसणार. उधाणाची खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास लागते, ती त्याला कधीच दिसणार नाही. दहा वर्षांची चित्रे जमवली तरी नाही. त्यामुळे ओहोटीरेषा नुसत्या अशा चित्रांवरून काढली असेल, तर ती जमिनीच्या बाजूला सरकलेली असते आणि दोन रेषांमधला सीआरझेड-१ब चा पट्टा अरुंद होतो. खडपांवरची कालवे आणि चिखलातल्या शिंपल्या वेचणाऱ्या बायकांची जागा नेमकी या पट्ट्यात आहे. हिवाळ्यात उधाणाच्या संध्याकाळच्या ओहोटीला सूर्य मावळण्याआधी ड्रोन उडवला, तर हे काम होते. मात्र उड्डाणाचे पट्टे जमिनीवरून सुरू करून जमिनीवर संपवायचे, कारण नुसत्या पाण्याच्या चित्रांत जुळवायला एकही स्थिर खूण सापडत नाही आणि जोडणी तुटते.

भरतीरेषा जागेवर जाऊन ठरवायची असते. पाण्याने आणून टाकलेल्या काटक्या-कचऱ्याची सर्वात वरची ओळ, वाळूचा उंचवटा, आणि मर्यादवेल जिथून सुरू होते ती कड, या तीन खुणा एकमेकींशी ताडून पाहायच्या. आपल्या लोकांनी त्या वेलीला नावच तसे ठेवले आहे. उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या जीएनएसएस यंत्राची काठी घेऊन दर दहा मीटरला बिंदू घ्यायचा आणि काठीखाली पत्र्याची चकती लावायची, नाहीतर ओल्या वाळूत टोक रुतते आणि उंची चुकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (सतत चालू असणाऱ्या संदर्भ) केंद्रांच्या जाळ्यामुळे आता बिंदूची जागा काही सेंटिमीटरपर्यंत मिळते. उंचीबाबत मात्र जपावे लागते. यंत्र देते ती उंची पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागापासूनची असते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती सरासरी समुद्रपातळीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून अधिक वेगळी येते. भरतीच्या कोष्टकाचा शून्य तिसराच. तिन्ही शून्य एकत्र बांधल्याशिवाय कोणताही पूरनकाशा विश्वासाचा नाही.

ऋतूचेही भान हवे. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि दिवाळीनंतर ती हळूहळू परत येते. मे महिन्याचे चित्र सप्टेंबरच्या चित्राशी ताडले की धडधाकट किनाराही झिजलेला दिसतो. तुलना एकाच महिन्यातल्या चित्रांची करायची, शक्यतो फेब्रुवारी-मार्चच्या.

झीज सांगताना त्रुटी सांगितलीच पाहिजे, यावर आमचा सर्वाधिक भर आहे. हिशोब साधा आहे. चित्राचा ठिपका १० मीटर, जागेवर बसवण्यातली चूक ५, रेषा काढण्यातली ५, आणि भरतीची पातळी अर्धा मीटर चुकली तर पन्नासास एक उतारावर २५. यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे २८ मीटर. अशा दोन रेषा वीस वर्षांच्या अंतराने ताडल्या, तर वर्षाला २ मीटरपेक्षा कमी झीज या माहितीतून सिद्धच होत नाही. भरतीची पातळी अर्ध्याऐवजी ०.१ मीटरपर्यंत दुरुस्त करा, मर्यादा वर्षाला सुमारे १ मीटरवर येते. भरतीची नोंद ठेवण्याचा फायदा एवढा थेट आहे, आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांवर कोट्यवधी खर्च करताना कोणत्या वाडीला आधी भिंत हवी, हे याच आकड्यांवर ठरते. देवबागसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली अशा अरुंद दांड्यावर तर पाच मीटरची चूकही घराच्या ओट्यापर्यंत पोचते.

कोकणातली खरी गुंतागुंत मात्र पुळणीवर नाही, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत आहे. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. भरतीला तिचे झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले गोडे पाणी बाहेर जाते. झडप कुजले किंवा बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते आणि काही वर्षांत भातखाचरांत कांदळवन उभे राहते. अधिसूचना म्हणते की बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीची असेल, तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते, पण आत आलेले कांदळवन कितीही लहान असले तरी ते सीआरझेड-१अ या सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात जाते. म्हणजे बांध बांधल्याचे वर्ष हा कायद्याचा कळीचा मुद्दा आहे, आणि वर्ष उपग्रहाला दिसत नाही. नुसत्या चित्रावरून काम केले, तर पावसाळी पाण्याने भरलेली खाचरे आणि कोळंबीची तळी भरतीच्या पाण्यात जमा होतात आणि रेषा शेकडो मीटर आत ढकलली जाते. उलट, उन्हाळ्यातल्या चित्रात खांडीमागची जमीन कोरडी दिसली म्हणून ती सुटूनही जाते. दोन्हीकडून शेतकरी भांडतो आणि दोन्ही वेळा कागद कुणाकडेच नसतो. खारभूमी कार्यालयांतील योजनांचे कागद, महसुली नोंदी आणि १९८४ पासूनची लँडसॅट-५ उपग्रहाची चित्रे एकत्र ठेवली, तर बहुतेक बांधांचा काळ ठरवता येईल. ३० मीटरच्या ठिपक्यात बांध दिसत नाही, पण बांधाच्या आतली शेती आणि बाहेरचा चिखल यांतला फरक दिसतो. प्रत्येक बांधाची रेषा, वर्ष, आधाराचा कागद, उघाडीची जागा व आजची अवस्था आणि खांड पडल्याची तारीख हे एका थरात नोंदवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

खाडीत सीआरझेड कुठवर जाते हे वर्षातल्या सर्वात कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारात पाच भाग कुठवर आढळते त्यावर ठरते. एप्रिल-मेमध्ये, भरतीच्या टोकाला, पृष्ठभागाजवळ आणि तळाशी असे दोन्हीकडे पाणी तपासायला हवे, कारण खारे पाणी जड असते आणि तळाने वर सरकते. वाशिष्ठीत आणखी एक बाब आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी तिच्यात येते. ज्या दिवशी विसर्ग जास्त, त्या दिवशी खारेपणा खाली ढकलला जातो. नमुन्यासोबत त्या दिवसाचा विसर्ग लिहिलेला नसेल, तर ते मोजमाप पुन्हा तपासता येत नाही.

रेषा गाव नकाशावर बसवताना अक्षांश-रेखांश मोजण्याचा जुना एव्हरेस्ट आधार आणि आजचा डब्ल्यूजीएस-८४ यांची सरमिसळ झाली, तर मुंबईच्या परिसरात सुमारे १०० मीटरची तफावत पडते. अंतराचे पट्टे अंश-कला-विकलांत काढले, तर ते पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण वेगवेगळ्या रुंदीचे होतात. आपल्या किनाऱ्यासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-जाळीचा ४३ उत्तर हा विभाग वापरून ते मीटरमध्येच काढावेत. साखळीने मोजलेल्या जुन्या गाव नकाशाला चार कोपरे देऊन ताणणे पुरत नाही. गावाची शिव, तिठे, देवळे, जुन्या विहिरी असे किमान दहा-पंधरा बिंदू जागेवर मोजून बसवावा आणि उरलेली चूक मीटरमध्ये नकाशावरच छापावी.

फाइलीही जिओपॅकेज या खुल्या नकाशा-स्वरूपात द्याव्यात. शेपफाइल या जुन्या स्वरूपात रकान्याच्या नावाला दहाच अक्षरे मिळतात आणि अक्षरसंचाची नोंद सुटली की मराठी गावांची नावे चौकटी-चौकटी होऊन उघडतात. भरतीरेषा सलग असावी, कुठे तुटलेली नसावी, ओहोटीरेषेला छेदणारी नसावी. फाइल हलकी करण्यासाठी रेषा गुळगुळीत करताना अरुंद खाड्यांची तोंडे मिटतात, म्हणून मूळ रेषा जपून ठेवावी आणि हलकी प्रत केवळ पाहण्यासाठी द्यावी. रेषेच्या प्रत्येक तुकड्यासोबत चित्राची किंवा मोजणीची तारीख व वेळ, भरतीची उंची, पद्धत आणि त्रुटी हे चार रकाने असलेच पाहिजेत. रेषेचा दाखला आम्ही म्हणतो तो हाच.

कोळीवाडे, मासळी सुकवण्याच्या जागा, जाळी विणायची व होड्या ओढायची पुळण, जेट्टी, बर्फाचे कारखाने हे गाव पातळीच्या नकाशावर दाखवणे अधिसूचनेतच अपेक्षित आहे. वलांडी, म्हणजे मासळी सुकवायची मांडणी, आकाशातून मोकळ्या जागेसारखी दिसते आणि नकाशावर ‘रिकामी जमीन’ होते. ही नोंद गावातल्या माणसांबरोबर चालत, आणि मासळी सुकत असते त्या महिन्यांतच घ्यावी लागेल. पावसाळ्यात तिथे काहीच नसते.

सुरक्षेचे कारण पुढे येऊ शकते. मात्र फेब्रुवारी २०२१ ची भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२२ चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण यांनी भारतीय व्यक्तींना व संस्थांना असा डेटा तयार करण्याची व वापरण्याची वाट मोकळी केली आहे. संवेदनशील ठिकाणांची नावे वगळता येतात. त्यासाठी अख्खी भरतीरेषा झाकण्याची गरज नाही. कांदळवन आणि वेळास-आंजर्ल्याच्या कासवांच्या पुळणी राखायच्या असतील, तरी रेषा लोकांच्या हातात असलेलीच बरी.

आमची मागणी अशी की सिंधुदुर्गापासून सुरुवात करावी. चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली भरतीरेषा राज्याने मागवून घ्यावी आणि नागपूरच्या महाराष्ट्र दूरसंवेदन उपयोजन केंद्रामार्फत दाखल्याच्या चार रकान्यांसह उतरवून घेता येईल अशी ठेवावी. खारभूमीच्या बांधांचे कागद पावसाळ्यातच गोळा करायला घ्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या उधाणांना ड्रोन आणि जागेवरची मोजणी, मार्चच्या विषुवकाळातल्या मोठ्या उधाणांना भरतीच्या खुणांची पडताळणी, एप्रिल-मेमध्ये खाड्यांची क्षारता. क्षारतेचा हा काळ चुकला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागते. म्हणून कामाचे आदेश गणपतीपूर्वी निघावेत, ही विनंती.

आपले,
किनारा मोजणी व नकाशांचे काम करणारे कोकणातील सर्वेक्षक व जीआयएस तंत्रज्ञ