समोरच्या काकूंना, चपलांबद्दल

काकू,

मोबाइलवर तुम्ही नातवाचे फोटो सोडून काही बघत नाही. सूनबाई वाचून दाखवतील या भरवशावर लिहितेय. समोर येऊन बोलायला गेले की मला रडू फुटतं आणि तुम्ही म्हणता, "पुरे आता, चहा घे."

त्या रविवारी आमच्या घरच्या प्रार्थनेत धर्मांतराचा आरोप करत लोक घुसले आणि पोलिसांनी नेलं ते आम्हालाच. पुढचं आपल्या इंदूरच्या रामबागेत सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा नको. थान्यात रात्री साडेनऊपर्यंत बसवलं आणि जो येईल तो एकच विचारायचा: पैसे किती मिळाले? माझे आजोबा अहमदनगरहून मालवा मिलमध्ये कामाला आले तेच मुळी ख्रिस्ती म्हणून. आपल्या मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्मांतराच्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी कलेक्टरला कळवायचं असतं. मी म्हटलं, आजोबांचं आता कोणाला कळवू? साहेब हसले नाहीत. आपल्याच घरात बसून प्रार्थना करायला परवानगी लागते का, असं विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, माहौल समझिए."

माहौल काही लोकांना फार लवकर समजला. दर गणपतीत आमच्या खुर्च्या नेणारे नेमके त्या दिवशी 'बाहेरगावी' होते; त्यांची स्कूटर मात्र दारातच होती. आणि आमचेही काही कमी नाहीत. चर्चच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी फोन करून धीर द्यायचा सोडून उपदेश केला, "घरी कशाला बोलावता माणसं?" माझ्या सासूबाईंना जिना उतरवत नाही म्हणून बोलावतो, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आम्ही परतलो ते अनवाणी. येणाऱ्यांनी दारातल्या चपला लाथेने उडवल्या होत्या, काही नालीत गेल्या होत्या, आणि आम्हाला जीपमध्ये घालताना त्या शोधायला कोण थांबणार? गल्लीत शिरलो तर तुमच्या ओट्यावरचा दिवा चालू. खाली चपलांची रांग. जोड्या लावलेल्या, लहान मुलांच्या पुढे, मोठ्यांच्या मागे. नालीतल्या धुऊन भिंतीला उभ्या केलेल्या. एका निळ्या स्लिपरचा पट्टा तुटला होता, त्यात तुमच्या बांगडीतली पिन. तुम्ही पदराला हात पुसत एवढंच म्हणालात, "एक डावी उरलीय गं, तिची जोडी काही सापडेना."

निळ्या स्लिपरची मालकीण पंचमच्या फेलच्या वस्तीतून येते, चार घरची धुणीभांडी करते. थान्यात ती टिपूस न काढता बसली होती. ती पिन बघितली आणि तिथेच ओट्यावर बसून हमसून हमसून रडली.

खरं सांगू का? नाताळात आम्ही पाठवलेला केक तुमच्याकडे कामवालीच्या डब्यात जातो, हे मला वीस वर्षं माहीत आहे. तुमचं सोवळं मला माहीत आहे. कोणाच्या चपला कुठल्या वस्तीतून आल्यात हे तुम्हाला हातात घेताक्षणी कळलं असणार. तरी तुम्ही त्या धुतल्या. पाहुण्यांच्या चपला पावसात भिजू नयेत म्हणून आत घेतो ना, तशा. दिवसभर आम्हाला काय काय म्हटलं गेलं. 'पाहुणे' समजलं ते फक्त तुम्ही, आणि तेही तोंडाने न बोलता.

आमच्यातले लोक अशा वेळी सिस्टर राणी मारियांचं नाव घेतात. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. गरिबांना सावकारांपासून सोडवत होत्या म्हणून. त्यांच्या सख्ख्या बहिणीने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारणाऱ्याच्या हातावर राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला त्यांना इथेच, इंदुरात, धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी गर्दीत उभी होते आणि टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवणं सोपं होतं, काकू. आमच्या हार्मोनियमचा भाता फाडणारा पोरगा कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्यावर रोज दिसतो. लहानपणी माझ्याकडे गणित शिकायला यायचा. मी अजून त्याच्याकडे बघून मान हलवू शकलेले नाही. पास्टर म्हणतात प्रार्थना कर. करते. पण खोटं कशाला बोलू, प्रार्थना करताना डोळ्यासमोर येशूआधी तुमचा ओटा येतो.

माणूस चांगला असायला फार काही लागत नाही असं माझी आई म्हणायची. मला ते तेव्हा पटायचं नाही, अजूनही पुरतं पटत नाही. त्या रात्री अख्ख्या गल्लीत दिवा एकाच ओट्यावर होता आणि बाकीच्या खिडक्यांचे पडदे हलत होते.

असो. ती उरलेली डावी चप्पल तुमच्या जिन्याखाली आहे ना? मालक सापडला. बाणगंगेचा आहे, उजवी त्याच्या पायातच राहिली होती, ती घेऊन घरी गेला. नवी जोडी घ्यायला तयार नाही. येत्या रविवारी पुन्हा प्रार्थनेला येतोय. आधी तुमच्याकडेच पाठवते.

तुमची,
समोरची