ताई, व्हीसीपीयू रीसेटच्या लॉकबद्दल थँक यू

ताई, नुसता थँक्सचा मेसेज टाकून भागणार नाही म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय, आर्म६४ च्या (६४ बिटी आर्म प्रोसेसर) केव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या भागात, हात घालणाऱ्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

गेस्ट, म्हणजे व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टिम, बूट होताना आधी एकच व्हीसीपीयू (व्हीएमचा आभासी सीपीयू) चालू असतो, तो पीएससीआयचा (आर्मवर सीपीयू चालू-बंद करायची ठरलेली पद्धत) सीपीयू ऑन कॉल मारून बाकीच्यांना उठवतो, म्हणजे कुठल्या पत्त्यावरून सुरू व्हायचं ते समोरच्याच्या रीसेट स्टेटमध्ये लिहायचं, रीसेटची रिक्वेस्ट टाकायची आणि त्याला जागं करायचं. दिसायला सोपं. पण कॉल मारणाऱ्याने स्वतःचा व्हीसीपीयू म्युटेक्स (एका वेळी एकालाच धरता येणारं लॉक) आधीच धरलेला असतो आणि त्यावर तो अख्ख्या व्हीएमचं केव्हीएम लॉक मागायचा, नियम मात्र बरोब्बर उलटा, आधी केव्हीएम लॉक मग व्हीसीपीयू म्युटेक्स, नाहीतर दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकू शकतात. २०१३ ला आर्मवर केव्हीएम आला तेव्हापासून हे असंच, २०२३ मध्ये सीपीयू ऑनची वाट सरळ झाली. लॉकडेप, म्हणजे लॉकचा क्रम चुकला तर ओरडणारं कर्नलमधलं साधन, इतकी वर्षं गप्प का, तर सगळे व्हीसीपीयू एकदम धरताना तिथे ट्रायलॉक होतं, मिळालं तर घ्या नाहीतर परत फिरा, आणि त्यातून लॉकडेप क्रम शिकत नाही. हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं हो!

ही दुरुस्ती जुन्या कर्नलवर बॅकपोर्ट करायला, म्हणजे मागे नेऊन बसवायला, घेतली तेव्हा तुम्ही कोड उघडूच दिला नाहीत, आधी कागदावर लिही म्हणालात, कुठलं लॉक कुठल्या फील्डची राखण करतंय. लिहिलं तर काय, एवढं मोठं केव्हीएम लॉक इथे एका व्हीसीपीयूच्या एमपी स्टेट (तो चालू आहे की बंद) आणि रीसेट स्टेटपुरतंच! मग प्रत्येक व्हीसीपीयूला स्वतःचा छोटा स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता वाट बघायचं लॉक), एमपी स्टेट लॉक, का दिला ते आपोआप कळलं. आणि क्यूईएमयूकडून (केव्हीएम वापरून व्हीएम चालवणारा प्रोग्राम) सेट एमपी स्टेट कॉल आला तर तोही त्याच लॉकखालून गेला पाहिजे, नाहीतर सीपीयू ऑन चालू असताना मधेच स्टेट बदलेल, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. एमपी स्टेट नुसतं वाचणारे लॉक घेतच नाहीत म्हणून रीड वन्स (किंमत एकदाच, अखंड वाचायची), यावर तर तुम्ही अर्धी संध्याकाळ घालवलीत.

रीसेट फंक्शनमधलं उरलेलं केव्हीएम लॉक कॉन्फिग लॉकने (व्हीएमच्या सेटिंग्जसाठीचं वेगळं लॉक) सुटतं तो पॅच आता लावतोय. व्हीसीपीयू तयार होतानाच दोन्ही लॉक योग्य क्रमाने, आधी व्हीसीपीयू म्युटेक्स मग कॉन्फिग लॉक, एकदा घेऊन सोडायची, म्हणजे लॉकडेपला क्रम पहिल्यापासूनच माहीत, ही त्यातली युक्ती तुम्ही दाखवलीत त्याबद्दल वेगळं थँक यू.