थोरला भाऊ, लॅमिनेट केलेलं वेळापत्रक आणि मी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दादाने आखलेल्या सहलीला जाऊ का, असं तू विचारलंस. त्याआधी हे ऐक. परवा रात्री बाबांनी आणि मी 'द दार्जिलिंग लिमिटेड' हा सिनेमा पाहिला. वेस अँडरसनचा, २००७ सालचा. नावात दार्जिलिंग असलं तरी गाडी धावते राजस्थानातून, त्यामुळे खिडकीबाहेर सगळी वाळू. बाबांचा अर्धा वेळ 'असे डबे आपल्या रेल्वेत कुठे असतात' यातच गेला. डबे खरे आहेत, फक्त आतून नव्याने रंगवून सजवलेले, आणि चित्रीकरणही चालत्या गाडीत झालंय. सिनेमात एकदा हीच गाडी रस्ता चुकते. रुळांवरून धावणारी गाडी! तिथे मात्र बाबा अंथरुणावर उठून बसले.

गोष्ट तीन अमेरिकन भावांची. वडील जाऊन वर्ष झालंय आणि त्यांच्या अंत्यविधीनंतर तिघे एकमेकांशी बोललेले नाहीत. थोरला फ्रान्सिस डोक्याला हे भलंमोठं बँडेज बांधून दोघांना भारतात बोलावून घेतो. का, तर आपण पुन्हा भाऊ व्हायचं आणि आत्मिक शांतीही मिळवायची. त्यासाठी त्याने एक मदतनीस आणलाय, लॅमिनेशनच्या यंत्रासकट. मदतनीस दिवसाचा कार्यक्रम छापतो, लॅमिनेट करतो आणि दाराखालून आत सरकवतो. भावांचे पासपोर्ट फ्रान्सिसच्या ताब्यात. जेवायला बसले की ऑर्डरही तोच देतो, तिघांची. एका डोंगरावर मोरपिसं घेऊन कसलासा विधी करायचा असतो. दोघे तो आपापल्या पद्धतीने करून मोकळे होतात आणि हा वैतागतो: कागदावर लिहिलं होतं तसं का नाही केलंत?

हे कुणासारखं वाटतं ते मी लिहीत नाही. पण तुमच्या सहलीसाठी दादाने केलेला एक्सेलचा तक्ता तू मला पाठवलास, त्यात 'निवांत गप्पा: ४ ते ५.३०' असा रकाना आहे, तो मी वाचलाय.

मला सगळ्यात खरी वाटली ती त्यांची गुपितं. मधला पीटर धाकट्याला सांगतो की बायकोला दिवस गेलेत, फ्रान्सिसला सांगू नकोस. मग धाकट्याचं काहीतरी थोरल्याच्या कानावर जातं, थोरल्याचं मधल्याच्या. कुणीही दोघे एकत्र आले की तिसऱ्याबद्दल बोलणार, आणि तिसऱ्याला ते तासाभरात कळणार. तीन भावंडं असली की हे घरातल्या घरात भागतं. तुम्ही दोघंच, म्हणून तिसऱ्याची जागा मला मिळाली. 'आई, दादाला सांगू नकोस' आणि 'आई, सईला बोलू नकोस', दोन्ही एकाच आठवड्यात.

पुढे पीटरने विकत घेतलेला साप डब्यात सुटतो, भांडाभांडी होते, मिरचीचा फवारा उडतो आणि तिघांना सामानासकट गाडीतून उतरवलं जातं. रानावनातून चालताना त्यांना नदीत तराफा ओढणारी तीन मुलं दिसतात. दोर तुटतो, मुलं पाण्यात पडतात, भाऊ उड्या मारतात. पीटरच्या हाताला लागलेलं मूल वाचत नाही. त्या मुलाचे वडील इरफान खान आहेत. संवाद जवळजवळ नाहीतच, आणि तरी मला सिनेमातलं तेच माणूस आठवत राहतं. इथे माझी एक तक्रार आहे. आपल्याकडचं एक पोर मरतं आणि त्यातून शहाणे होतात ते परदेशी पाहुणे, हे मला पटलं नाही. बाबा म्हणाले, तू फार खोलात जातेस. असेल. पण एवढं खरं की त्या गावात कुणीही कार्यक्रम छापलेला नसतो. तिघे प्रेत घेऊन चालतात, पांढरे कपडे घालून अंत्ययात्रेत जातात, आणि कुणी कुणाला शिकवत नाही. सिनेमाभर पहिल्यांदाच ते भाऊ दिसतात.

पार्श्वसंगीत ऐक मात्र. बरंचसं सत्यजित रायांच्या सिनेमांतलं आहे. 'चारुलता'ची धून लागली आणि मी बाबांना गप्प केलं.

सगळे या सिनेमात भाऊ बघतात, मी आई बघितली. अँजेलिका ह्यूस्टन. नवऱ्याच्या अंत्यविधीला न आलेली, हिमालयाच्या पायथ्याशी ख्रिस्ती मठात नन होऊन राहिलेली. 'आत्ता येऊ नका' असं तिने कळवलेलं असतानाही मुलं जाऊन धडकतात. ती जवळ घेते आणि दुसऱ्या मिनिटाला प्रत्येकाने सकाळी न्याहारीला काय खायचं ते ठरवून टाकते. अगदी फ्रान्सिसच्याच सुरात! थोरल्याची ती सवय कुठून आली ते तेव्हा उलगडतं. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडेच बघत राहिले.

सकाळी ती निघून गेलेली असते, न्याहारी मांडून. मला तिचा राग यायला हवा होता, फारसा आला नाही. अंत्यविधीला का आली नाहीस, असं मुलं विचारतात तेव्हा ती कसलाही बहाणा करत नाही, यायचं नव्हतं म्हणून आले नाही, म्हणते. कठोर आहे, पण मुलांना तिच्या तोंडून सरळ उत्तर तरी मिळतं.

शेवटी धावती गाडी पकडताना ते वडिलांच्या बॅगा टाकून देतात. ओझं टाकलं हे आम्हाला कळलं असतं, एवढं ठळक करायला नको होतं. त्यापेक्षा गाडीतला पुढचा प्रसंग मला जास्त आवडला. फ्रान्सिस पासपोर्ट परत देऊ करतो आणि दोघे म्हणतात, राहू दे, तुझ्याकडेच ठेव. थोरला तसाच राहिलाय, दोघांना ते माहीत आहे, आणि तरी आता ते खुपत नाही.

तू विचारलंस, जाऊ का? मी सांगणार नाही. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच जाऊ नकोस. आणि तक्त्याबद्दल तुला जे म्हणायचंय ते मला न लिहिता त्याला लिही, तुझ्या त्या नेहमीच्या तिरकस भाषेत लिहिलंस तरी चालेल. काल त्याचा फोन होता, सई येतेय का विचारायला. मी म्हटलं, तिचा नंबर तुझ्याकडे आहे. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, बदलला तर नाही ना? नाही, असं मी सांगितलंय.

तुझी,
आई